चेहऱ्याचा अभ्यासक : सर चार्लस बेल

एखादा धडधाकट गृहस्थ रात्रीं नेहमींप्रमाणें झोपीं जातो. सकाळीं उठून चूळ भरूं लागतो तों तोंडांतलें पाणी एका कोपऱ्यांतून आपोआप बाहेर ओघळूं लागतें. घरांतील माणसें त्याच्याकडे पाहतात आणि चपापतात. कारण त्याचें तोंड एका बाजूस ओढलें गेलें आहे, दुसऱ्या बाजूचा डोळा मिटत नाहीं, आणि तो हसूं लागला कीं अर्धा चेहरा हसतो व अर्धा पाषाणासारखा स्तब्ध राहतो. अशा माणसाच्या तोंडावरून वारें गेलें असें आपल्याकडे म्हणतात. आयुर्वेदाच्या ग्रंथांत ह्या विकारास अर्दित असें नांव आहे. जगांतील बहुतेक डॉक्टर मात्र तो एका स्कॉच शस्त्रवैद्याच्या नांवानें ओळखतात. ते त्याला बेलचा पक्षाघात म्हणतात.

हा बेल म्हणजे टेलिफोन काढणारा बेल नव्हे. तोही एडिंबरोचाच खरा; पण त्याचा जन्म आपल्या चरित्रनायकाच्या मृत्यूनंतर पांच वर्षांनीं, १८४७ सालीं झाला. येथें ज्याची हकीकत सांगावयाची आहे तो सर चार्लस बेल. माणसाच्या चेहऱ्याकडे नुसतें लक्षपूर्वक पाहून त्याच्या कवटींतील कोणत्या मज्जातंतूस इजा झाली आहे हें ओळखतां येतें, ही गोष्ट ज्यांनीं जगास शिकविली त्यांत त्याचें नांव प्रथम येतें.

चार्लस बेल याचा जन्म इ. स. १७७४ च्या नोव्हेंबर महिन्यांत स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरीं झाला. त्याचे वडील विल्यम बेल हे एपिस्कोपल मंडळीचे पाळक होते. ह्या मंडळीस त्या काळीं स्कॉटलंडांत राजाश्रय नव्हता व तिच्या पाळकांस द्रव्यबळ मुळींच नव्हतें. चार्लस चार-पांच वर्षांचा असतांच, १७७९ सालीं, वडील वारले आणि अनेक मुलांचा भार एकट्या आईवर पडला. शाळेंत चार्लसची गति यथातथाच होती. पुढें मोठा झाल्यावरही आपलें खरें शिक्षण शाळेंत न होतां आईच्या मांडीजवळ झालें असेंच तो मानीत असे. तिचा हात चित्रकलेंत चांगला होता. तिनेंच त्याच्या हातीं पेन्सिल दिली. पुढें डेव्हिड ॲलन ह्या नांवाजलेल्या चित्रकाराकडूनही त्याला धडे मिळाले. चित्रकलेचा तास म्हणजे फुरसतीचा तास असें समजणाऱ्या आमच्या विद्यार्थिबंधूंनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. कारण ह्या माणसाच्या पुढील सर्व कर्तृत्वाचें बीज त्या पेन्सिलींत होतें.

त्याचा वडील भाऊ जॉन हा त्याच्याहून ११ वर्षांनीं मोठा. तो नामांकित शस्त्रवैद्य असून शारीरशास्त्राची स्वतःची शाळा चालवीत असे. चार्लस त्याच्या हाताखालीं शवच्छेदन शिकला आणि विद्यार्थी असतांच, १७९८ सालीं, शवच्छेदनावर स्वतःच्या चित्रांसह एक पुस्तक छापूं लागला. पुढच्याच वर्षीं एडिंबरोच्या शस्त्रवैद्यांच्या मंडळांत त्याचा प्रवेश झाला. दैव अनुकूल दिसत होतें. परंतु जॉन बेल जितका हुषार तितकाच कलहप्रिय होता. त्याचा आणि विश्वविद्यालयांतील डॉक्टर ग्रेगरी यांचा असा कांहीं वाद जुंपला कीं, त्यांत जॉनबरोबर धाकट्या भावासही शहरच्या मोठ्या इस्पितळाचे दरवाजे बंद झाले. ज्यास रोगी पाहावयास मिळत नाहींत त्या शस्त्रवैद्यानें करावें काय? १८०४ च्या नोव्हेंबरांत चार्लस लंडनला निघाला.

लंडनमध्यें त्याला कोणी ओळखीत नव्हतें, आणि जे ओळखीत होते त्यांना आणखी एक प्रतिस्पर्धी नको होता. लेस्टर स्ट्रीटमध्यें एक जुनें, मोडकळीस आलेलें मोठें घर भाड्यानें घेऊन त्यानें तेथें शारीरशास्त्राचे वर्ग उघडले. ऐकावयास विद्यार्थी थोडे. त्याचा भाऊ जॉर्ज एडिंबरोस वकिली करीत होता. त्याचीं पत्रें आणि वेळोवेळीं येणारी मदत एवढाच काय तो आधार. त्या काळांत तो वैद्यांपेक्षां चित्रकारांना अधिक शिकवीत असे. रागानें भुंवया कोणत्या स्नायूनें आंवळल्या जातात, दुःखांत ओठाचा कोपरा कोण खालीं ओढतो, हसतांना गालावर वळी कशी पडते, हें सारें त्यानें शवच्छेदन करून पाहिलें, स्वतः रेखाटलें आणि १८०६ सालीं चित्रकारांसाठीं लिहिलेल्या ग्रंथांत प्रसिद्ध केलें. राजकीय चित्रकला मंडळांत शारीरशास्त्राच्या अध्यापकाची जागा मिळावी अशी त्याची फार इच्छा होती. ती जागा दुसऱ्यास मिळाली. ग्रंथाचें मात्र नांव झालें. पुढें ६६ वर्षांनीं, १८७२ सालीं, डार्विननें मनोविकारांच्या बाह्य चिन्हांवर आपला ग्रंथ लिहिला, तेव्हां त्यानें ह्या विषयाच्या पाया घालणाऱ्यांत बेलची गणना केली.

चेहऱ्याचे स्नायु असे एकेक करून ओळखल्यावर बेलच्या मनांत पुढचा प्रश्न येणें क्रमप्राप्तच होतें. ह्या स्नायूंना हलविण्याची आज्ञा कोठून येते?

येथें थोडें शारीरशास्त्र सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं. मेंदूपासून मज्जातंतूंच्या १२ जोड्या निघतात आणि कवटीच्या हाडांतील निरनिराळ्या भोंकांतून आपापल्या कामास जातात. कोणी नाकास वास कळवितो, कोणी डोळ्यास दृष्टि देतो, कोणी डोळे फिरवितो, कोणी जीभ हलवितो. बेलच्या काळीं इंग्लंडांत ह्या जोड्यांची मोजणी निराळ्या रीतीनें होत असे. पण तंतु तेच. त्यांत एक गोष्ट चमत्कारिक होती. चेहऱ्याच्या त्वचेखालीं दोन निरनिराळे तंतु येऊन पसरतात. एक पांचवा. तो मोठा असून त्याच्या तीन शाखा कपाळ, गाल व हनुवटी ह्यांकडे जातात. दुसरा सातवा. तो कानामागच्या हाडांतील एका वांकड्या, अरुंद बोगद्यांतून येतो, कानाच्या खालीं बाहेर पडतो आणि तेथून पंख्याच्या काड्यांसारखा साऱ्या गालावर पसरतो. एकाच चेहऱ्यास दोन तंतु कशाला? त्या वेळचे पुष्कळ वैद्य असें समजत कीं, सगळे मज्जातंतु सारखेच. एका दिव्यास तेल कमी पडूं नये म्हणून दोन बुधल्या ठेवाव्या तसे हे दोन. बेलला हें पटेना. निसर्ग विनाकारण दोन वाटा करीत नाहीं, प्रत्येक तंतूचें मेंदूंतील उगमस्थान निराळें व कामही निराळें, असें त्याचें मत बनत चाललें. १८११ सालीं त्यानें ह्या विचारांची एक लहानशी पुस्तिका लिहिली व तिच्या अवघ्या १०० प्रती छापून मित्रमंडळींत वांटल्या. कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. त्याच वर्षीं त्याचा विवाह मॅरियन शॉ हिच्याशीं झाला. ती गुणी बाई होती, आणि तिचा भाऊ जॉन शॉ हा पुढें बेलचा उजवा हात बनला.

मध्यंतरीं युद्धें चाललीं होतीं. १८०९ च्या आरंभीं स्पेनमधील कोरुन्ना येथून माघार घेतलेलें इंग्रजी सैन्य जहाजांतून मायदेशीं उतरलें, तेव्हां बेल आपण होऊन पोर्टस्मथजवळच्या हॅस्लर इस्पितळांत गेला. जखमींची शुश्रूषा करतां करतां त्यानें त्यांचीं चित्रें काढलीं. त्यांवरून रंगविलेले तैलचित्रांचे फलक एडिंबरोच्या शस्त्रवैद्यांच्या मंडळानें जतन करून ठेविले आहेत. १८१५ च्या जून महिन्यांत वॉटर्लूची बातमी लंडनला येतांच तो पुन्हां उठला आणि जॉन शॉला बरोबर घेऊन निघाला. परवान्याची वाट पाहावयास वेळ नव्हता. शस्त्रक्रियेचीं हत्यारें हाच आपला परवाना असें म्हणून त्यानें समुद्र ओलांडला असें सांगतात. ब्रसेल्स शहरांत हजारों जखमी पडले होते. फ्रेंच सैनिकांची, म्हणजे शत्रूच्या माणसांची, दशा सर्वांत वाईट होती. त्यांच्याकडे सर्वांच्या शेवटीं पाहिलें जात होतें. बेलनें त्यांनाच हात घातला. सकाळीं सहा वाजतां तो हत्यार उचली तें सायंकाळीं सात वाजतां खालीं ठेवी. दुसऱ्या दिवशीं तेंच, तिसऱ्या दिवशींही तेंच. कपडे रक्तानें ताठ झाले आणि सुरी धरून धरून हातांतलें बळ गेलें. त्या काळीं गुंगीचें औषध नव्हतें हें वाचकांनीं विसरूं नये. शस्त्रक्रिया केलेल्यांपैकीं फार थोडे जगले. त्या काळच्या इस्पितळांत तसेंच होई, आणि बेलच्या मनास त्याची टोचणी पुष्कळ दिवस राहिली. अशाही स्थितींत त्यानें कागद-कुंचला सोडला नाहीं. वॉटर्लूच्या जखमींचीं त्याचीं चित्रें आजही पाहवत नाहींत, इतकीं तीं खरीं आहेत.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं.

बेल १८१४ पासून लंडनच्या मिडलसेक्स इस्पितळांत शस्त्रवैद्य होता. तेथें त्याच्याकडे एक मनुष्य आला. त्याच्या कानापुढें गळूं होऊन तें पिकलें होतें आणि त्यांत सातवा मज्जातंतु सांपडला होता. दुसऱ्या कोणीं गळवाकडे पाहिलें असतें. बेलनें चेहऱ्याकडे पाहिलें. मनुष्य हसला कीं त्याचें तोंड चांगल्या बाजूस विलक्षण ओढलें जाई. त्याला शीळ घालावयास सांगितलें तर ओठ वेडेवांकडे होत. तो तपकीर ओढून शिंकला, तेव्हां अर्धा चेहरा शिंकेनें चुरगळला आणि अर्धा जणूं कांहीं झालेंच नाहीं असा शांत राहिला. ही हकीकत बेलनें १८२१ सालीं रॉयल सोसायटीपुढें वाचलेल्या निबंधांत घातली. एका मनुष्यास बैलाचें शिंग कानाखालीं लागून हाच तंतु तुटला होता. त्याचेंही वर्णन त्यानें पुढें केलें आहे. ह्या सर्व माणसांत एक गोष्ट सारखी होती. गालास स्पर्श केला तर तो त्यांना नीट कळे. गालाची जाणीव गेली नव्हती, हालचाल तेवढी गेली होती.

हा भेद केवळ पंडितांच्या वादाचा नव्हता. चेहऱ्यावर विजेच्या लोळासारखी कळ मारण्याचा एक भयंकर रोग आहे. वाऱ्याची झुळूक लागली, घास चावला, तरी मनुष्य तळमळतो. त्या काळीं शस्त्रवैद्य ह्या कळेवर उपाय म्हणून चेहऱ्यावरील तंतु कापीत, आणि कोणता कापावा हें ठाऊक नसल्यामुळें कित्येकदां सातवा कापीत. बिचाऱ्या रोग्याची कळ होती तेथेंच राही, वर अर्धा चेहरा जन्माचा लुळा पडे! कारण कळ वाहून नेणारा तंतु पांचवा. सातवा चेहरा हलवितो व पांचवा चेहऱ्याची जाणीव मेंदूस पोंचवितो, हें एकदां निश्चित झाल्यावर ती चूक करण्यास कोणा शहाण्या शस्त्रवैद्याचा हात धजला नाहीं.

तोंड वाकडें होण्याचें वर्णन बेलच्या पूर्वीं कोणी केलें नव्हतें असें मात्र नाहीं. आयुर्वेदाचा उल्लेख वर आलाच आहे. सुमारें १,००० वर्षांपूर्वीं होऊन गेलेल्या अर्-राझी ह्या इराणी हकीमानें त्याविषयीं लिहिलें आहे, आणि जर्मनींतील वुर्ट्सबुर्ग येथील फ्रीडराइख ह्या वैद्यानें १७९८ सालीं अशा तीन रोग्यांची बारकाईनें नोंद केली होती. पण बाहेरचें लक्षण आणि आंतला तंतु ह्यांची गांठ घालून दाखविणें हें काम बेलचें.

त्याच्या दृष्टीची आणखी एक साक्ष सांगतों. ज्याचा सातवा तंतु दुखावला आहे त्याला डोळा मिटावयास सांगितलें तर पापणी मिटत नाहीं, पण बुबुळ वर सरकून पापणीआड जातें आणि डोळ्याचा नुसता पांढरा भाग दिसूं लागतो. नातेवाइकांस हें पाहून भीति वाटते. बेलनें १८२३ सालीं दाखवून दिलें कीं ही विकृति नव्हे. डोळा मिटतांना आपणां बहुतेकांचें बुबुळ असेंच वर जातें; पापणीचा पडदा पडलेला असल्यामुळें तें कोणास दिसत नाहीं, इतकेंच. पडदा न पडल्यामुळें ह्या रोग्यांत तें उघड्यावर घडतें. ह्या क्रियेसही डॉक्टर बेलचेंच नांव देतात.

आज एखादा डॉक्टर असा रोगी तपासतो तेव्हां काय करतो तें पाहिल्यास बेलची पद्धत अजून कशी चालूं आहे हें कळेल. हत्यार फारसें लागत नाहीं. तो म्हणतो, भुंवया वर करा. डोळे घट्ट मिटा. दांत दाखवा. गाल फुगवा. प्रत्येक आज्ञेसरशी तो दोन्ही बाजू ताडून पाहतो. कोणत्या बाजूचें कपाळ सपाट राहिलें? कोणत्या गालांतून हवा निसटली? दांत दाखवितांना तोंड ज्या बाजूस ओढलें जातें ती बाजू चांगली आणि जी स्थिर राहते ती दुखावलेली. नवशिके येथें हटकून उलट समजतात. जीभ बाहेर काढावयास सांगितली तर नियम बदलतो. ओठांचे स्नायु ओढतात, जिभेचे ढकलतात. म्हणून बारावा तंतु दुखावला असेल तर जीभ दुखावलेल्या बाजूकडेच वळते.

कपाळाची परीक्षा विशेष महत्त्वाची. सातवा तंतु स्वतः दुखावला तर कपाळापासून हनुवटीपर्यंत सारी बाजू लुळी पडते. परंतु मेंदूंतच रक्ताची गांठ अडकून किंवा रक्तस्राव होऊन तोंड वाकडें झालें असेल तर बहुधा कपाळावर आठ्या नीट पडतात, कारण कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून आज्ञा येते. एक अर्ध बंद पडलें तरी दुसरें काम चालवितें. ह्या दोन रोगांत अंतर केवढें! पहिल्यांत बोगद्यासारख्या हाडांत तंतु सुजलेला असतो; पहिल्या ३ दिवसांत योग्य औषध सुरू झालें आणि उघड्या राहणाऱ्या डोळ्याची काळजी घेतली तर बहुतेक रोगी कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतात. दुसऱ्यांत एकेक मिनिट मोलाचें असतें. म्हणून घरांत कोणाचें तोंड एकाएकीं वाकडें झालें तर कपाळाच्या आठ्या आपणच मोजीत बसूं नये; हात उचलवत नसेल, बोलणें अडखळत असेल, तर मग प्रश्नच नाहीं. तडक इस्पितळ गांठावें. निदान डॉक्टर करील.

पापणीचेंही तसेंच. पापणी मिटत नसेल तर दोष सातव्या तंतूचा. पापणी उघडतच नसेल, खालीं पडून राहत असेल, तर दृष्टि तिसऱ्या तंतूकडे वळवावी लागते, कारण पापणी उचलणें हें त्याचें काम. डोक्यास मार लागलेल्या माणसाची एक बाहुली दुसरीहून मोठी होत चालली आणि उजेड पाडला तरी आकुंचन पावेनाशी झाली, तर कवटीच्या आंत दाब वाढून तिसरा तंतु चेपला जात आहे असें समजून डॉक्टर क्षणाचाही विलंब लावीत नाहींत. डोळा नाकाकडे वळून राहतो आणि बाहेरच्या बाजूस जात नाहीं, तर सहावा. आणि ह्या सर्वांत मला अत्यंत सुंदर वाटते ती कापसाच्या वातीची परीक्षा. कापसाचा बारीक तंतु वळून डोळ्याच्या काळ्या भागावरील पारदर्शक पडद्याच्या कडेस हलकेंच लावतात. स्पर्शाची वर्दी पांचवा तंतु नेतो. पापण्या मिटण्याचा हुकूम सातवा आणतो. वर्दी नेणारा जायबंदी असेल तर दोन्ही डोळे उघडेच राहतात. हुकूम आणणारा जायबंदी असेल तर स्पर्श केलेला डोळा उघडा राहतो आणि पलीकडचा मिटतो. बेलच्या दोन तंतूंची सारी कथा एका कापसाच्या वातींत आली! महाराष्ट्रांत कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्यांस ह्या परीक्षेचें मोल ठाऊक आहे. त्या रोगांत कधीं कधीं दोन्ही तंतु बिघडतात. डोळा मिटत नाहीं आणि त्यांत गेलेली धूळ खुपतही नाहीं, म्हणून रोगी तक्रार करीत नाहीं, आणि दुखल्यावांचून दृष्टि जाते. वेळींच ओळखलें तर ती वांचवितां येते.

एवढें सारें सांगितल्यावर बेलची चूकही सांगितली पाहिजे. चरित्र म्हणजे आरती नव्हे. १८२१ च्या निबंधांत त्यानें सातव्या तंतूस चेहऱ्याचा श्वसनतंतु म्हटलें. हसणें, शिंकणें, नाकपुड्या फुलणें ह्या क्रिया श्वासाशीं जोडलेल्या, म्हणून तेवढ्याच त्याच्याकडे. आणि खाणें-चावण्याच्या वेळीं ओठ हलविणें हें काम पांचव्याचें, असें त्यास वाटलें. पुरावा म्हणून त्यानें एका गाढवाची हकीकत दिली. त्याच्या पांचव्या तंतूची वरच्या ओठाकडे जाणारी शाखा कापल्यावर त्याला पुढ्यांतले ओट धान्य ओठांनीं उचलतां येईना. बेल म्हणाला, ओठ लुळा पडला. त्याचाच जुना शिष्य हर्बर्ट मेयो यानें १८२२ सालीं दाखवून दिलें कीं ओठ लुळा पडला नव्हता. धान्य ओठास लागलें आहे हेंच गाढवास कळत नव्हतें, मग तें उचलील कसें? चालक तंतु सातवा. पांचवा मुख्यतः जाणिवेचा, फक्त चावण्याच्या स्नायूंना हलविणारी एक शाखा त्यांत आहे. ज्याची दृष्टि इतकी तीक्ष्ण त्यालाही दिसलेल्या गोष्टीचा अर्थ लावतांना फसावयास झालें.

त्याच वर्षीं पॅरिस येथें फ्रांस्वा माजांदी यानें कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग केले. पाठीच्या कण्यांतून निघणाऱ्या प्रत्येक तंतूस पुढचें व मागचें अशीं दोन मुळें असतात. पुढचें हालचालीचें आणि मागचें जाणिवेचें, हें त्यानें स्पष्ट करून दाखविलें. बेलनें १८११ च्या पुस्तिकेंत पुढचें मूळ डिवचल्यास स्नायु आंचके देतात हें लिहिलें होतें. मागचें मूळ जाणिवेचें आहे हें लिहिलें नव्हतें. जॉन शॉनें १८२१ सालीं पॅरिसला जाऊन बेलचे विचार तेथील विद्वानांस समजावून दिले होते, ह्यामुळें वादास अधिकच तोंड लागलें. जिवंत प्राण्यांवर क्रूर प्रयोग करणें बेलला मनापासून आवडत नसे, आणि ह्याबद्दल त्याच्याविषयीं आदरच वाटतो. माजांदीस तसला संकोच नव्हता, आणि उत्तर मिळालें तें माजांदीस. परंतु १८२४ सालीं बेलनें आपले निबंध पुस्तकरूपानें पुन्हां छापले, तेव्हां कित्येक ठिकाणीं शब्द असे बदलले कीं जणूं मेयो व माजांदी यांनीं सिद्ध केलेलें त्यानें अगोदरच म्हटलें होतें. जुने निबंध व नवें पुस्तक शेजारीं ठेवून वाचणाऱ्यांस हा फरक लपला नाहीं. त्याच्या कीर्तीस ह्या शब्दबदलाची मुळींच गरज नव्हती. हें त्यानें न करतें तर फार बरें होतें. आज त्या नियमास बेल आणि माजांदी अशीं दोघांचींही नांवें एकत्र जोडतात. जिवंतपणीं मात्र दोघांचें कधीं जमलें नाहीं.

मानसन्मान मिळावयाचे ते मिळाले. १८२४ सालीं लंडनच्या शस्त्रवैद्यांच्या मंडळांत तो अध्यापक झाला. १८२९ सालीं रॉयल सोसायटीनें त्यास राजपदक दिलें. १८३१ सालीं तो सर झाला. १८३३ सालीं मानवी हातावर त्यानें लिहिलेला ग्रंथ सामान्य वाचकांनीं फार आवडीनें वाचला. त्यांत हाताच्या रचनेवरून ईश्वराच्या योजकतेचें वर्णन आहे. पण लंडनच्या नव्या विश्वविद्यालयाशीं त्याचें पटलें नाहीं, आणि जॉन शॉ तर १८२७ सालींच ऐन उमेदींत वारला होता. १८३६ सालीं एडिंबरोनें त्यास शस्त्रविद्येच्या अध्यापकाचें आसन देऊं केलें, आणि ज्या शहरानें तरुणपणीं दार लावलें होतें तेथें तो ६१ व्या वर्षीं परत गेला.

१८४२ च्या एप्रिल महिन्यांत पत्नीसह लंडनकडे जातांना तो वूस्टरजवळच्या हॅलो गांवीं एका स्नेह्यांच्या घरीं उतरला. हृदयाच्या कळा त्यास पूर्वींपासून येत असत. त्या दिवशीं तो गांवच्या देवळाच्या आवारांत गेला, तेथील जुना यू वृक्ष पाहून बसला, आणि सवयीप्रमाणें कागद काढून त्याचें चित्र रेखाटूं लागला. जागा त्याला इतकी आवडली कीं येथेंच विसांवा घ्यावा असें वाटतें असें तो बरोबरच्या मंडळींस म्हणाला. त्या रात्रींच कळ येऊन त्यानें पत्नीच्या जवळ प्राण सोडला. देवळाच्या त्याच आवारांत त्याला मूठमाती देण्यांत आली.